दातवाल्या काचेवरची भूमिती

प्रिय भिंगरी,

तुझा मेसेज काल दुपारी आला. नेहमीसारखं एका दमात सगळं लिहिलंस, मामांचं कापडाचं दुकान, मामींची गुडघेदुखी, तुझ्या नव्या चपला, आणि जाता जाता शेवटी एक वाक्य टाकून मोकळी झालीस. त्या वाक्याचं उत्तर द्यायला मी फोन हातात घेतला. लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. शेवटी आईच म्हणाली, अगं कागद घे, तुझं पोट काही त्या एवढ्याशा चौकटीत रिकामं होणार नाही. म्हणून हे पत्र. लांबणार आहे. मामांना सांग, गिऱ्हाईक आलं तर ठाण तुम्हीच उलगडा, माझ्या मैत्रिणीचं पत्र आलंय.

तुला आपला बाक आठवतो ना? पहिला, खिडकीकडचा. मला तिथे बसवलं होतं माझ्या कानांमुळे. लहानपणच्या तापात कान गेले ते पुरते परत आलेच नाहीत. कानातल्या यंत्रातून आवाज येतो, पण शब्द येत नाहीत. बंद दाराआड कुणीतरी भांडी लावत असावं तसं ऐकू येतं. मी ऐकते ती डोळ्यांनी, समोरच्याच्या ओठांवरून. आणि आपले भूमितीचे सर तर बोलायला लागले की फळ्याकडे वळायचे. त्यांची पाठ दिसली की माझा तास संपला. मग तू मान वळवायचीस आणि सरांचं वाक्य न् वाक्य ओठांनी मला सांगायचीस. तोंडातून हूं की चूं नाही, श्वासाचासुद्धा आवाज नाही. सरांना वर्षभर वाटत होतं की ही मुलगी फार जांभया देते.

बरं, नुसतं सांगशील तर ती तू कसली! मध्ये मध्ये आपलं मीठमसाला. काटकोन नव्वद अंशांचा असतो, सरांचं दुसरं बटण तुटलंय, हे एकाच वाक्यात. मी बिचारी भराभर लिहून घ्यायची. समांतर रेषा एकमेकींना कधीच भेटत नाहीत कारण त्यांचं भांडण झालंय, हे माझ्या वहीत सरांनी वर्गासमोर वाचलं आणि विचारलं, हा सिद्धान्त कुणाचा. मी तुझ्याकडे बघितलं. तू खिडकीबाहेर बघत होतीस, जसं काही तिकडे समांतर रेषाच चालल्या होत्या.

मग साथ आली आणि शाळा बंद झाली. आठवडाभराची सुट्टी म्हणून आपण नाचलो होतो. तुझे बाबा शाळेची बस चालवायचे. शाळाच नाही तर बस कशाला, आणि बस नाही तर चालक कशाला. उन्हं उतरायच्या आत तुमचं सामान टेम्पोत चढलं आणि तुम्ही मामांच्या गावाला निघालात. तू टेम्पोजवळ उभी होतीस, मी फाटकाशी. मध्ये ते सक्तीचं अंतर. तुझ्या तोंडावर फुलाफुलांचा मास्क होता. तू काहीतरी बोललीस. बरंच बोललीस. मी मान डोलावली, तूही डोलावलीस, टेम्पो गेला.

त्यानंतर शाळा भरली ती बाबांच्या फोनवर. आमच्या पुढच्या खोलीत बाबांचा कारखाना, तुला माहीतच आहे. दुकानांच्या काचांवर अक्षरं रंगवायचं त्यांचं काम. रंगाच्या डब्यांना फोन टेकवून मी बसायचे. सरांनी स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी फळा टांगला होता. वर्गातल्या सगळ्यांचे चेहरे पोस्टाच्या तिकिटांएवढे आणि सरांची पाठ मात्र पूर्ण आकाराची. शाळेत सर फळ्याकडे वळले की तू होतीस. इथे सर फळ्याकडे वळले की फ्रिज होता. स्क्रीनवर बोलणं लिहून दाखवायची सोय होती म्हणे, पण आपली भाषा तिच्या गावीही नव्हती. तुला फोन लावला की चित्र अडकायचं, तुझं तोंड 'आ' वर थांबून राहायचं आणि मी त्या 'आ'चा अर्थ लावत बसायची. पुढे तुमच्या घरचा एकुलता फोन तुझ्या दादाच्या कामाला गेला आणि तो 'आ'सुद्धा गेला.

पहिल्या चाचणीत मी सपाटून आपटले. मोठ्या बाईंनी बाबांना फोन केला. बाई वाईट नाहीत, तुलाही माहीत आहे. त्या म्हणाल्या, शाळा उघडल्यावर तिला पुन्हा नववीतच बसवू. एक वर्ष गेलं तरी चालेल, मुलगी खचायला नको. बाबा ब्रश दातात धरून ऐकत होते. ब्रश दातात धरून ते जे बोलतात ते जगात फक्त मला वाचता येतं. ते म्हणाले, सहामाहीपर्यंत थांबू. सहामाहीला भूमितीची तोंडी परीक्षा होती: कॅमेऱ्यासमोर एक सिद्धान्त समजावून द्यायचा, समोर सर आणि दुसऱ्या शाळेच्या एक परीक्षक बाई. त्यात पास झाले तर वर्गाबरोबर पुढे, नाही तर मागच्या पोरांबरोबर पुन्हा पहिल्या बाकावर, आणि शेजारी तू नाहीस. मी तोंडाने काही बोलले नाही. माझं नाव घुमी तूच ठेवलंस ना? पण आतून पेटले होते.

पहिला पराक्रम ऐक. सरांनी सांगितलं होतं, गणित पाटीवर सोडवा आणि कॅमेऱ्यासमोर धरा. मी पाटी धरली तर माझ्या स्क्रीनवर सगळी अक्षरं उलटी, आरशातल्यासारखी! मला वाटलं, सरांनाही तसंच दिसतंय. बाबांना दाखवलं. ते म्हणाले, हात्तिच्या, एवढंच ना? अगं, उलटं लिहिणं हा तर आपला घरचा धंदा. काचेवरची अक्षरं ते आतल्या बाजूने उलटी रंगवतात, म्हणजे बाहेरून सुलटी दिसतात आणि पावसापाण्याने रंग जात नाही. झालं. बापलेकींनी मिळून उलट्या आकड्यांची शाळा उघडली. माझे उलटे तीन आणि सात इतके घोटीव झाले की बाबांनी मला ब्रश बक्षीस दिला. मग एके सकाळी मी ऐटीत पाटी धरली. माझ्या स्क्रीनवर सगळं कसं मोत्यासारखं सुलटं. आणि बघते तर तिकिटांएवढी सगळी तोंडं उघडी. सगळा वर्ग हसत होता. त्यांना पहिल्यापासून सुलटंच दिसत होतं गं! उलटं फक्त ज्याचं त्याला दिसतं, हे आम्हा दोघांना कुणी सांगितलंच नव्हतं. पण गंमत अशी की सरांनी सगळ्यांचे माइक बंद ठेवले होते. हसणं कुणालाच ऐकू येत नव्हतं. त्या दिवशी सगळा वर्ग माझ्यासारखा झाला होता, आणि मग मीही हसत सुटले. सर मात्र उठले, दाढीचा आरसा घेऊन आले, त्यात माझी पाटी पाहिली आणि म्हणाले, उत्तर बरोबर आहे.

त्यानंतर आईची पाळी. आई दवाखान्याच्या धुलाई विभागात, तेव्हा तर डोक्यावर चादरींचे डोंगर. तिच्याबरोबरच्या एका मावशींना साथीची बाधा झाली आणि आईला काही दिवस वेगळं राहायला सांगितलं. ती कारखान्यात राहिली, आम्ही मागच्या खोलीत, मध्ये बाबांनी रंगवायला आणलेल्या मोठ्या काचेची आडभिंत. आणि तिथे माझं राज्य सुरू झालं. बाबा इकडून ओरडायचे, आई तिकडून ओरडायची, काचेतून दोघांना काही कळायचं नाही. मी मात्र आईशी निवांत गप्पा मारायची, ना आवाज ना कष्ट. आई ओठांनी म्हणायची, यांना सांग, ओरडू नका, शेजारी म्हणतील घर पेटलं. बाबा माझ्या मागे मागे, काय म्हणाली गं, काय म्हणाली? आयुष्यभर हा प्रश्न मी लोकांना विचारला होता. आता धडधाकट कानांची माणसं मला विचारत होती. मी थोडा भाव खाऊन घेतला, खोटं कशाला बोलू. तुझ्यासारखा मीठमसालाही लावला. आई म्हणाली भांडी घासा. मी सांगितलं, भांडी घासा आणि खिडक्याही पुसा. बाबांनी पुसल्या.

एकदा आई माझ्याकडे तोंड करून बोलता बोलता काचेवर रंगाने लिहायला लागली, दूध कुठे ठेवलंय ते. ती तिच्या बाजूने लिहीत होती म्हणून मला अक्षरं उलटी दिसली, पण ती वाचायला तर मी आता पक्की झाले होते. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. आई लिहीत होती आणि तिचा चेहराही मला दिसत होता! पाठ नव्हतीच. लिहिणारं माणूस आणि वाचणारं माणूस यांच्या मध्ये फळा असतो म्हणून पाठ असते. मध्ये काच असली तर?

बाबांकडे एका दातांच्या डॉक्टरांच्या दाराची काच पडून होती. बाबांनी तिच्या कोपऱ्यात नमुना म्हणून एक हसरा दात रंगवला होता, आणि मग दवाखानाच बंद झाला. बाबांनी डॉक्टरांना विचारलं, काच शाळेसाठी नेऊ का? ते म्हणाले, खुशाल न्या, सध्या लोकांची तोंडंच झाकलेली आहेत, दात कोण बघतंय! बाबांनी हातगाडीवर घालून, गोणपाटात गुंडाळून ती काच सरांच्या दारात नेऊन ठेवली. सोबत माझी चिठ्ठी: सर, फळ्याऐवजी हिच्यावर लिहा, तुम्ही काचेच्या पलीकडे उभे राहा, फोन अलीकडे ठेवा. सरांना कल्पना भलतीच आवडली. पण त्यांनी सुलटं लिहिलं की आम्हाला उलटं दिसायचं, आणि त्यांना उलटं लिहिता येईना. त्यांचा त्रिकोण त्रिकोणच राहायचा, पण त्याखालची अक्षरं चिरडलेल्या झुरळासारखी दिसायची. बाबा फोनवरून धीर देत होते, जमेल सर, मला सहा महिने लागले होते. सर म्हणाले, सहामाही तर सहा आठवड्यांवर आली.

मग मला त्यांचा दाढीचा आरसा आठवला. मी लिहून कळवलं, फोन काचेकडे नका लावू, आरशाकडे लावा, आणि आरशात काच दिसू द्या. सरांनी बायकोच्या कपाटाचा अख्खा आरसा काढला म्हणे, त्यावरून घरात काय झालं ते सर सांगत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी तास सुरू झाला आणि सर आमच्याकडे तोंड करून उभे, हातात रंगाचा ब्रश, समोर हवेत लटकल्यासारखं सुलटं वर्तुळ, आणि कोपऱ्यात हसरा दात. सरांच्या ओठांवर मी पहिल्यांदाच सबंध तास वाचला. ते म्हणत होते, मुलांनो, उलट्याचं उलट केलं की सुलट होतं, ऋण गुणिले ऋण बरोबर धन, हे मी तुम्हाला इतकी वर्षं शिकवतोय आणि मला आज कळलं. भिंगरी, मी पाटीमागे तोंड लपवून रडले. पण ते रडणं खुशीचं होतं बरं का.

त्या तासाचं नाव मुलांनी दाताचा तास ठेवलं. मला वाटलं होतं सोय माझी झाली. पण मागच्या बाकावरचा तो लांबोळका, जो भूमितीला हटकून झोपायचा, तो म्हणाला, सर तोंडाने इतकं हसतात हे आम्हाला माहीतच नव्हतं, आपल्याला तर त्यांची कॉलर तेवढी ओळखीची.

आणि मग तोंडी परीक्षा. माझा सिद्धान्त होता, अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो. मी उलटं लिहू शकत होते, मला आरशाची गरज नव्हती. कारखान्यातल्या काचेमागे मी, पुढे शेजारच्या काकांचा लॅपटॉप, आणि आवाजाची व्यवस्था बाबांकडे. तीच नडली. बाबा इतके घाबरले होते की त्यांनी सगळ्या वायरी नीट लावल्या आणि मुख्य बटणच दाबलं नाही. मी दोन वाक्यं बोलले असेन, तोच परीक्षक बाईंनी हात वर केला. कपाळावर आठ्या. ओठ म्हणाले, आवाज येत नाही. बाबा वायरी उपसायला लागले. सरांचा चेहरा पडला. बाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या, वेळ संपत चालला, हिला नंतर पाहू. आणि तो 'नंतर' म्हणजे पुन्हा नववी, हे मला नक्की ठाऊक होतं.

मी ब्रश उचलला आणि काचेवर उलटं लिहिलं: चालेल बाई, मी लिहिते. माझ्या स्क्रीनवर ते उलटंच दिसलं, पण आता मी थोडीच फसणार होते! अर्धवर्तुळ काढलं. व्यासाची दोन्ही टोकं परिघावरच्या तिसऱ्या बिंदूला जोडली, मग केंद्रातून त्या बिंदूला त्रिज्या जोडली. दोन समद्विभुज त्रिकोण पडले, सारखे कोन सारख्या रंगाने भरले, दोन तांबडे, दोन निळे. आणि नजर बाईंवर ठेवून प्रत्येक शब्द ओठांनी सावकाश, स्वच्छ, गोल करून बोलत गेले, अगदी तू बोलायचीस तसा. सगळे मिळून एकशेऐंशी, म्हणून एक तांबडा आणि एक निळा मिळून नव्वद. बाई पुढे झुकल्या. त्यांनी विचारलं, बिंदू वर्तुळाच्या बाहेर गेला तर? मी ओठ वाचले आणि बिंदू बाहेर नेला: कोन लहान. आत आला तर? कोन मोठा. त्यांनी आणखी विचारलं, मी आणखी लिहिलं. काच भरली तेव्हा फ्रॉकच्या बाहीने पुसून परत लिहिलं. बाई विचारायच्या थांबल्या तेव्हा कुठे बाबांना बटण सापडलं, आणि बाबांनी सोडलेला सुस्कारा तेवढा सगळ्यांना ऐकू गेला.

निकालाच्या कागदावर बाईंनी शेरा लिहिला होता: विद्यार्थिनीचा आवाज आला नाही. काही अडलं नाही. आणि वर्गातले सगळ्यांत जास्त गुण. मोठ्या बाईंनी स्वतः फोन केला आणि नववीचं नाव परत काढलं नाही. बाबांनी तो शेरा एका काचेवर सोनेरी कडांच्या अक्षरांत रंगवून दारावर लावला. गिऱ्हाइकं विचारतात, हे कुठल्या दुकानाचं नाव? बाबा म्हणतात, आमच्या घराचं.

पुढचं थोडं तुला कळलेलं आहेच. शिकले, गणित घेतलं, आणि गेल्या महिन्यापासून आपल्याच शाळेत पाचवीला गणित शिकवते. दातवाली काच सरांनी निवृत्त होताना माझ्या हवाली केली. दात थोडा झिजलाय, पण हसतो तसाच. माझ्या वर्गात कानात यंत्र घातलेल्या दोन मुली आहेत, पहिल्या बाकावर. माझं बोलणं त्यांना काचेतून कळतं. पण मागून एखादा पोरगा काही विचारतो, सगळा वर्ग खदखदतो, आणि त्या दोघी गोंधळून एकमेकींकडे बघतात. काच मागच्या बाकावरचा विनोद सांगत नाही. कुणाचं बटण तुटलंय तेही सांगत नाही. त्याला माणूस लागतं. मी मोठ्या बाईंच्या मागे लागले, शोधाशोध केली, आणि कळलं की ऐकलेलं सगळं आवाज न करता ओठांनी स्वच्छ सांगायचं, हे चक्क एक काम आहे. लोक ते शिकतात, त्याचं प्रशिक्षण असतं, नेमणूक होते. शाळेला या वर्षापुरती एक जागा मंजूर झालीय, प्रशिक्षण शाळा करवून घेईल. बाई म्हणाल्या, असं माणूस मिळणार कुठे? मी म्हटलं, ते एक कापडाच्या दुकानात ठाण उलगडत बसलंय.

आता तुझं ते शेवटचं वाक्य. तू लिहिलंस, तू कुठल्या कुठे पोचलीस, मला मेलीला येतंच काय? भिंगरी, हे अख्खं पत्र त्याचं उत्तर आहे. माझा आवाज बंद पडला तेव्हा परीक्षक बाईंना जे कळलं, ते मी कुणाकडून शिकले होते? तुला जे येतं त्याच्यावर मी नववी पार केली. मामांशी बोल, आणि सोमवारी सकाळी शाळेत ये. मोठ्या बाई तुला भेटणार आहेत आणि त्या दोघी पोरी तुझी परीक्षा घेणार आहेत. मीठमसाला आवर थोडा. म्हणजे रोज नको. आणि हो, येताना एक गोष्ट आठवून ये. त्या दिवशी टेम्पोजवळ फुलाफुलांच्या मास्कआड तू मला काय काय सांगत होतीस? मी मान डोलावली खरी, पण मला त्यातलं अक्षरही कळलं नव्हतं. आता समोर बसून, तोंड उघडं ठेवून, पहिल्यापासून सगळं सांग. पहिला बाक मी पुसून ठेवलाय.

तुझीच,
घुमी